पुढची तारीख

"मावशी, अम्मी गेली," सकाळी सकाळी इरफानचा फोन आला आणि मी डोळे चोळत म्हटलं, "अरे, आज तर बुधवार. कल्याणला ती उद्या जाते ना?" पलीकडून त्याचा हुंदका ऐकू आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला... हमीदा, माझी अख्ख्या नोकरीची आणि नोकरीनंतरचीही मैत्रीण, पहाटेच्या नमाजाला उठली होती. हातपाय धुऊन जानमाजच्या चटईवर बसली आणि बसल्या जागी एका अंगावर कलंडली. सुनेने हाका मारल्या, पाणी आणलं, पण ते घ्यायला ती थांबली नव्हती. कुणाचं करून घ्यायची तिला सवयच नव्हती, तेव्हा तिचं हे जाणं तिला शोभण्यासारखंच होतं, असं येणारे-जाणारे म्हणत होते. मला मात्र तिचा राग आला होता. निदान गुरुवार तरी उजाडू द्यायचा होता. या गुरुवारची गोष्ट सांगायची म्हणजे मला हमीदाच्या हजची गोष्ट सांगावी लागेल, आणि खरं तर तीच सांगायला मी बसले आहे.

आमची ओळख ठाण्याच्या कोर्टातली. ती स्टेनो, मी नाझर ऑफिसात, पैशांच्या हिशेबाला. तिचा हात इतका चालायचा की साक्षीदाराच्या तोंडून वाक्य बाहेर पडायच्या आत कागदावर उतरतं की काय असं वाटावं, आणि जीभ हातापेक्षा वेगात. भरभर बोलणाऱ्या एका वकिलाला तिने भर कोर्टात ऐकवलं होतं, "साहेब, जरा सावकाश. तुमची फी शब्दांवर नसेल, तर घाई कशाला?" न्यायाधीशसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत डबा खायचो. माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं ती न विचारता उचलायची आणि तिची खिम्याची पॅटिसं मी. तिचे वडील बोटीवर खलाशी होते. ते लवकर गेले, आणि आई व धाकटी बहीण अशा दोघींचा भार हमीदावर आला. तिने तो उचलला, पण त्यामुळे आपल्याला सगळ्यांचं सगळं कळतं, असा तिचा ठाम समज झाला. घरातली थोरली माणसं पुष्कळदा अशी असतात. त्यांच्या जिवावर घर चालतं, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलत नाही.

नवरा गेल्यावर ती घोडबंदर रोडला इरफानकडे राहायला आली. तो तिकडेच एका कंपनीत नोकरीला. मी माजिवड्याला, त्यामुळे आमचं येणं-जाणं कोर्टातल्यापेक्षाही वाढलं. एका संध्याकाळी तिने जाहीर केलं की या वर्षी ती इरफानबरोबर हजला जाणार, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या संकुलातल्या चालायच्या वाटेवर तिचा सराव सुरू झाला. तिथे संध्याकाळी सगळे आज्या-आजोबा घड्याळाच्या काट्यासारखे उजवीकडून फिरायचे. हमीदा उलट्या दिशेने! काबागृहाला सात फेरे घालतात, त्याला तवाफ म्हणतात, आणि ते डावा खांदा काबाकडे ठेवून घालायचे असतात. "मग सवय कशाची करू? उजव्याची?" ती म्हणायची. रोज दोन-चार जणांशी टक्कर व्हायची. एक निवृत्त बँक मॅनेजर चिडून मला म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, वाहतुकीचे नियम असतात." मी निरोप पोचवला. हमीदा म्हणाली, "त्यांना म्हणावं, जिथे मी चाललेय तिथे लाखो माणसं याच बाजूने फिरतात. इथे वीसजण चुकताहेत."

फिरता फिरताच ती मला हज समजावून सांगायची. मी देवळात गेले तर बाहेर चपला सांभाळत बसणारी बाई, त्यामुळे मला या सगळ्याची माहिती शून्य. अंगात ताकद असेल, प्रवास झेपण्यासारखा असेल आणि मागे घरच्यांची सोय लागलेली असेल, तर आयुष्यात एकदा हज करणं हे मुसलमानाचं कर्तव्य. निघताना एहराम बांधायचा. पुरुषांना न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं, बायकांना आपले साधे कपडे. राजा असो की हमाल, पोशाख एकच, की कुणी कुणाला ओळखून सलाम ठोकायला नको. एहरामात अत्तर लावायचं नाही, नखं-केस कापायचे नाहीत, मुंगीसुद्धा मारायची नाही, आणि भांडायचं नाही. "भांडायचं नाही?" मी विचारलं, "मग तू तिथे दिवसभर करणार काय?" यावर तिने मला हातातल्या काठीने ढोसलं होतं. सगळा वेळ तोंडाने एकच म्हणत राहायचं, लब्बैक. म्हणजे काय, तर "मी हजर आहे." ती म्हणाली, "कोर्टात पुकारा झाला की पक्षकार कसा धावत येतो, हजर म्हणत? तसंच गं. आपला पुकारा झालाय. धावत जायचं."

मला सगळ्यात आवडली ती सफा आणि मरवाची गोष्ट. तान्ह्या इस्माईलला तहान लागली म्हणून त्याची आई, हाजरा, पाण्यासाठी त्या दोन टेकड्यांमध्ये धावत राहिली, आणि शेवटी बाळाच्या पायाशी झमझमचा झरा फुटला. तेव्हापासून हजला गेलेला प्रत्येकजण त्या आईसारख्या फेऱ्या घालतो. "बघ शुभा," हमीदा म्हणाली, "जगभरचे दाढीवाले पुरुष एका घाबरलेल्या बाईच्या पावलावर पाऊल ठेवून पळतात. आणि लोक आम्हाला विचारतात, तुमच्यात बायकांना काय मान?" मग अरफातचं मैदान. दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत तिथे उभं राहून फक्त मागणं मागायचं. बाकी सगळं एक वेळ चुकलं तर भरून काढता येतं, पण अरफात चुकलं तर हजच झाला नाही. तिथून नव्यानं जन्मल्यासारखा माणूस परततो, सगळी पापं धुऊन.

"सगळी?" मी विचारलं. मी सहज विचारलं होतं, पण ती चालता चालता थांबली. एक आजोबा तिला चुकवून पुढे गेले. "सगळी नाही," ती म्हणाली. "अल्लाचा जो गुन्हा केला, तो अल्ला माफ करतो. पण माणसाचा केलेला गुन्हा त्या माणसानेच माफ करावा लागतो. त्यात अल्लासुद्धा मध्ये पडत नाही." म्हणून हजला निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागायची रीत आहे. कहासुना माफ करा, म्हणजे कधी काही बोलले-चालले असेन तर मनात ठेवू नका. हमीदाने ते काम कोर्टातल्या शिस्तीने हातात घेतलं. जुन्या शेजारणी, विहिणी, कोर्टातले शिपाई, तो घाईचा वकील, सगळ्यांकडे जाऊन आली. बँक मॅनेजरांकडेही गेली आणि त्यांनी विरघळून तिला चहा पाजला. माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "तुझं सगळं माफ केलं तर माझ्याकडे बोलायला विषय काय उरेल?" ती हसली नाही. मान खाली घालून म्हणाली, "एक घर राहिलंय. तू चलशील का बरोबर?"

ते घर होतं कल्याणला, तिच्या बहिणीचं. सलमाचं. या दोघींत कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तर एक या टोकाला बसायची, दुसरी त्या. कारण मला अर्धवट माहीत होतं, ते हमीदाने त्या दिवशी बसमध्ये पुरं सांगितलं. सलमा विशीत असताना तिला एक स्थळ आलं होतं, बोटीवर इंजिनात काम करणारा मुलगा. घरी येऊन गेला, जाताना सलमाशी दोन वाक्यं बोलला, आणि ती दिवसभर गुणगुणत होती. हमीदाने त्या लोकांना परस्पर कळवलं, मुलीला पसंत नाही. सलमाला सांगितलं, तिकडूनच नकार आला. आपली आई सगळा जन्म समुद्राकडे डोळे लावून बसली, बहिणीच्या वाट्याला ते नको, एवढंच तिच्या मनात होतं. पुढे सलमाचं कल्याणच्या एका भल्या माणसाशी लग्न झालं, मुलंबाळं झाली, काही वाईट झालं नाही. पण खूप वर्षांनी कुठल्याशा लग्नात त्या मुलाची बहीण सलमाला भेटली आणि बोलून गेली, "तुम्हीच तर नाही म्हणालात!" सलमा तडक ठाण्याला आली आणि तिने हमीदाला जाब विचारला. हमीदा म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच केलं." त्या वाक्यानंतर सलमा तिच्याशी बोलली नाही.

"तेव्हाच माफी मागितली असती तर?" मी विचारलं. "तेव्हा मला वाटतच नव्हतं गं, माझं काही चुकलं म्हणून," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. कशेळीच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. कोनगाव मागे पडलं, दुर्गाडीचा पूल आला, आणि एवढी फटकळ बाई, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

सलमा खाडीच्या बाजूला एका जुन्या घरात, वरच्या मजल्यावर राहते. नवरा गेलेला, मुलगे आखातात. दार उघडून तिने आम्हाला पाहिलं आणि आत घेतलं. चहा आला, बरोबर खारी बिस्किटं आली. हमीदाने चहाला हात लावला नाही. उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सलमा, मी हजला चाललेय. मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझं आयुष्य तुला न विचारता ठरवलं. मला माफ कर." एवढं सरळ मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता दोघी एकमेकींच्या गळ्यात पडणार आणि मला उगाच रुमाल शोधावा लागणार.

सलमा शांतपणे म्हणाली, "आपा, तेव्हा माझ्या तोंडचं 'नाही' तू बोललीस. आज माझं मी बोलते. नाही करत माफ." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही तरी चहा घ्या, थंड होतोय."

घरी जाऊन हमीदाने इरफानला सांगितलं, माझं जाणं रद्द कर. इरफान हादरला. मौलवींना बोलावून आणलं. त्यांनी समजावलं की मनापासून मागणं एवढंच तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत, आता जा. ही ऐकेना. मी जाऊन रागावले, तर मला म्हणाली, "आरोपीने कबूल केलं म्हणजे सुटला का? तू पण कोर्टातलीच ना?" मुलगा माझ्याकडे येऊन काकुळतीला आला, "मावशी, मी रजा टाकून बसलोय. काय करू? सलमाखालाकडे मी पण जाऊन आलेलो, ती तर दारातच बोलली, तू मध्ये नको पडू." आणि मग, निघायला थोडे दिवस उरले असताना, सलमाचाच फोन आला. हमीदाला नव्हे, इरफानला. "तुझ्या अम्मीला सांग, गुपचूप जायचं. सलमाने माफ केलं नाही म्हणून हज अडला, असं खानदानात मला कुणी बोललेलं चालणार नाही. आणि तिला सांग, परत आली की बघू." ही माफी नव्हती, पण नकारही पहिल्यासारखा उरला नव्हता. हमीदाने निरोप दोनदा म्हणवून घेतला आणि कोर्टात उभी असल्यासारखी म्हणाली, "म्हणजे पुढची तारीख दिली."

तिला निरोप द्यायला आम्ही सगळे खाली जमलो. हार, डोळ्यांत पाणी, आणि प्रत्येकाची मागणी: माझ्या मुलीच्या लग्नासाठी दुआ करा, माझ्या गुडघ्यासाठी करा. मी माझ्याकडून चंदनाच्या साबणाच्या वड्या दिल्या, चांगल्या महागातल्या. तिने वास घेतला, माझ्या गालावर हात फिरवला आणि वड्या सुनेच्या हातात दिल्या. एहरामात सुवासिक काही चालत नाही हे महिनाभर माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं आणि मी नेमकं तेच घेऊन गेले होते. तिकडून तिचे फोन यायचे. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय मागायचं ते सगळं विसरायला झालं, नुसतीच उभी राहिले म्हणाली. मुजदलिफाला उघड्यावर, दगडगोट्यांत पाठ टेकली, हरभऱ्याएवढे खडे वेचले, दुसऱ्या दिवशी मिनाला सैतानाच्या खांबाला मारले. "कुणाचा चेहरा आठवलास मारताना?" मी विचारलं. मला तो घाईचा वकील अपेक्षित होता. ती म्हणाली, "माझाच. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणणारा."

ती परत आली त्या दिवसाची गंमत सांगायलाच हवी. हजहून आलेला माणूस आपल्या घरात पाऊल टाकेपर्यंत त्याची दुआ खास कबूल होते, अशी श्रद्धा आहे. म्हणून लोक त्याला घराबाहेरच गाठतात. इकडे संकुलाच्या फाटकाशी आम्ही सगळे हार, गुलाबपाणी आणि सरबताचे पेले घेऊन उभे. बँक मॅनेजर पुढच्या रांगेत. विमान उतरल्याचं कळलं, सामान मिळाल्याचं कळलं, आणि मग काही कळेना. सरबत कोमट झालं. मी इरफानला फोन लावला तर तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, अम्मीने गाडी माजिवड्यावरून सरळ भिवंडीच्या रस्त्याला घ्यायला लावली. आम्ही कल्याणला चाललोय." अख्ख्या हजची कमाई, ती पहिली ताजी दुआ, हमीदाला बहिणीच्या दारात नेऊन ठेवायची होती. घोडबंदर रोडचे लोक ताटकळले तर ताटकळले.

कल्याणला काय झालं ते मला इरफाननेच सांगितलं. सलमाने दार उघडलं. हमीदा आत गेली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने हात पसरले आणि मोठ्याने दुआ मागितली, सलमाच्या मुलांसाठी, तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी, तिच्या दुखऱ्या पाठीसाठी. सलमाने आतून हात पसरले आणि आमीन म्हटलं. झमझमची बाटली घेतली, डोळ्यांना लावली. मग हमीदाने विचारलं, "आता?" सलमा म्हणाली, "विचार करते. गुरुवारी ये."

आणि त्या गुरुवारपासून ते सुरू झालं. दर गुरुवारी हमीदा माजिवड्याला बस बदलायची, पुष्कळदा मला खाली बोलावून बरोबर न्यायची. कल्याणला पोचलं की सलमा जेवायला वाढायची. तांदळाची भाकरी, खाडीचे मासे, कधी पाल्याचं कालवण. पाला हा मासा म्हणजे चवीला राजा, पण अंगभर काटे. जेवणं झाली, की गप्पा व्हायच्या. आईच्या, लहानपणच्या, राबोडीतल्या कुठल्या खडूस घरमालकिणीच्या. दोघी एकमेकींच्या नकला करून हसायच्या. मग निघायची वेळ झाली, की हमीदा उठून पदर सारखा करायची, चेहरा पाडायची आणि विचारायची, "सलमा, माफ केलंस?" तिच्या डोळ्यांत दर वेळी पाणी असायचं. सलमाही चेहरा कठोर करायची. "बघते. पुढच्या गुरुवारी ये." खाली उतरल्यावर मी विचारायचे, काय झालं? जणू मी तिथे नव्हतेच. ती म्हणायची, "पुढची तारीख." मला आधी सलमाचा फार राग यायचा. इतकी हजला जाऊन आलेली बाई, गुडघे धरून चढते, आणि ही आपली ताणतेय! एकदा मी सलमाला तोंडावर म्हणाले, "अगं, किती छळशील?" ती भांडी उचलता उचलता म्हणाली, "बाई, तुम्हाला भाजी देऊ का डब्यात?" मग मीही गप्प बसायला शिकले.

ती गेली त्या सकाळी मी घोडबंदर रोडला पोचले, तेव्हा सलमा माझ्या आधी आलेली होती. कल्याणहून इतक्या लवकर कशी आली कुणास ठाऊक. बाईच्या मयताला आंघोळ घरच्या बायकाच घालतात, आणि त्या दिवशी सलमाने ते काम कुणाला करू दिलं नाही. दाराआडून नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग कफन झालं, चेहरा बघायला सगळ्यांना बोलावलं. हमीदा कधी नव्हे ती इतकी गप्प, इतकी आज्ञाधारक दिसत होती की मला ती ओळखीची वाटेना. एकेक बाई पुढे होऊन पुटपुटत होती, सगळं माफ केलं, तूही कर. सलमा पुढे झाली, वाकली, पण तिचे ओठ हलले नाहीत. मी बघत होते. जनाजा उचलण्याआधी इरफान हात जोडून लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, अम्मीकडून कुणाचं काही दुखावलं असेल तर माफ करा... आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली सलमा मला म्हणाली, "उद्या तिची तारीख होती." एवढंच.

गेल्या गुरुवारी मी कल्याणला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण सकाळपासून पाय घरात ठरेनात. एकटीने ती बस, तो पूल, तो जिना. सलमाने दार उघडलं आणि जराही आश्चर्य न दाखवता आत गेली. तिने स्वयंपाक केलेला होता, भरपूर, एकट्या बाईचा नव्हे. आम्ही जेवायला बसलो. मग ताटावरून हात मागे घेत ती एकदम बोलायला लागली. "बाई, मी तिला त्याच दिवशी माफ केलं होतं. हजहून येऊन दारात उभी राहिली ना, घरी न जाता, तेव्हाच. पण बोलले नाही. इतक्या वर्षांनी माझी बहीण माझ्या घरी यायला लागली. माफ केलं बोलले असते, तर आली असती का ती दर गुरुवारी? तिला किती कामं, किती गोतावळा. एकदा काम झालं की आपा पुन्हा वळून बघत नाही, मला माहितीय. म्हणून मी पुढे ढकलत राहिले. वाटलं, आहे वेळ... त्या दिवशी तिच्या कानात सांगायला वाकले, तर शब्दच फुटेना. आता तिला कोण सांगणार? ती तर अडकून राहिली असेल ना तिथे, माझ्या एका शब्दासाठी?" हे बोलताना ती लहान मुलीसारखी माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू मी तिथली खबर आणणार होते.

मला हसावं की रडावं कळेना. कारण मला एक गोष्ट माहीत होती, आणि ती कुणाला सांगायची नाही अशी हमीदाने मला तंबी दिली होती. पण ज्या माणसाने तंबी दिली तेच नाही, तर ती पाळून काय करायचं? मी सलमाला सांगितलं. पावसाळ्यानंतरच्या एका गुरुवारी परतताना मी बसमध्ये चिडून हमीदाला म्हटलं होतं की आता बस झालं, ही बाई काही तुला माफ करायची नाही. तेव्हा हमीदा खुदकन हसली होती. म्हणाली, "वेडी आहेस. तिने कधीच माफ केलंय. मला मोतीबिंदू झाल्यापासून माझ्या ताटातल्या माशाचे काटे कोण काढतं? सलमा. न बोलता, एकेक काटा वेचून बाजूला ठेवते. रागातल्या बाईला एवढा धीर असतो होय गं?" मी विचारलं, मग दर वेळी तोंड पाडून, डोळ्यांत पाणी आणून विचारतेस ते? तर म्हणाली, "न विचारलं तर तिला वाटेल, आपाचं काम झालं. मग ती गुरुवारी ये म्हणणार नाही. तू मात्र तिला सांगू नकोस हं."

सलमा ऐकत राहिली. मग तिने स्वतःची खात्री करून घेतल्यासारखं विचारलं, "म्हणजे तिला माहीत होतं? सगळं माहीत असून दर गुरुवारी माझ्यासमोर उभी राहून रडत होती?" मी मान हलवली. ती ताटाकडे बघत राहिली, पलीकडच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिली, आणि एकदम कपाळाला हात मारून, हसत की रडत मला नाही सांगता यायचं, पण अगदी हमीदाच्याच फणकाऱ्याने म्हणाली, "एवढी लबाड? मग आता तर मी तिला मुळीच माफ करणार नाही!"